हुकूम काय होता? : पत्त्यांचा डाव, गप्पा आणि आपला मेंदू

पत्ते खेळणारी माणसं पत्त्यांविषयी फार कमी बोलतात. ज्यांनी कधी डाव मांडला नाही त्यांना हे खरं वाटणार नाही, पण कुठल्याही पारावर, दुकानाच्या माडीवर किंवा लग्नघराच्या मांडवात जाऊन पाहा. हातात तेरा पाने असतात आणि तोंडात क्रिकेट, भजनाची पट्टी, कापसाचा भाव, कुणाच्या तरी बैलाची खरेदी, नाहीतर जुनी नाणी. पत्त्यांबद्दल एखाददुसरा शब्द निघतो तो भांडण झालं तरच.

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे जुन्या मंदिरांचं, दगडी बारवेचं आणि उंच कोरीव स्तंभाचं गाव. तिथे रविवारी दुपारी आमचा मेंढीकोटाचा डाव बसतो. आम्ही चौघे-पाच जण. एक निवृत्त गुरुजी, एक आडत दुकानदार, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका, आणि दवाखान्याला सुट्टी असेल तेव्हा मी. गेली काही वर्षं या डावाकडे मी दोन डोळ्यांनी पाहतो. एक डोळा भिडूचा, दुसरा डॉक्टरांचा. आजचा लेख त्या दुसऱ्या डोळ्याला काय दिसतं याबद्दल आहे.

मेंढीकोट खेळताना मेंदू काय करतो?

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. चार दश्श्या म्हणजे मेंढ्या, त्या जास्तीत जास्त आपल्या हातांत आणायच्या. चारही आणल्या तर समोरच्यावर कोट. एक रंग हुकूम.

आता यात मेंदूला किती कामं लागतात ती मोजा. हुकूम कोणता हे शेवटपर्यंत धरून ठेवायचं. किती हुकूम पडले, कुठली मेंढी गेली, बदामचा एक्का कुणाकडे असेल याचा हिशोब ठेवायचा. याला आम्ही कार्यकारी स्मृती म्हणतो, म्हणजे एखादी माहिती थोडा वेळ हाताशी ठेवून तिच्यावर काम करण्याची क्षमता. मोह झाला तरी मोठं पान लगेच टाकायचं नाही, हा संयम. भिडूने इस्पिकची दुरी का टाकली असेल, हा दुसऱ्याच्या मनाचा अंदाज. या कामांत मेंदूच्या पुढच्या भागाचा, म्हणजे कपाळामागच्या भागाचा वाटा मोठा असतो.

आणि हे सगळं चालू असताना तोंडाने गप्पा चालूच! आमचे गुरुजी उतारी करता करता १९८३ चा विश्वचषक सांगतात. भारताच्या १८३ धावा, कपिल देवने मागे धावत घेतलेला विव्ह रिचर्ड्सचा झेल, गोलंदाज मदनलाल, वेस्ट इंडीज १४० वर गारद. शंभर वेळा ऐकलं असेल, पण रिचर्ड्स बाद झाला की गुरुजी पान आपटतातच. कंडक्टर साहेबांना जुन्या नाण्यांचा नाद. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाचा हाली सिक्का त्यांच्या डबीत आहे आणि प्रत्येक नाण्यामागे एक गोष्ट आहे. पेटीवाले काका परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचा आवाज कसा चढायचा हे सांगताना स्वतःच गुणगुणतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आडतवाल्यांनी अख्खा डाव थांबवून आम्हाला पेढे दिले होते. त्यांना स्वतःला घोडा कसा चालतो तेही येत नाही, तो भाग वेगळा.

दोन कामं एकाच वेळी करणं ही मेंदूची अवघड परीक्षा असते. दवाखान्यात आम्ही पेशंटला वार विचारतो, शंभरातून सात वजा करायला सांगतो, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतो. त्या चाचण्या उपयोगाच्या आहेतच. पण रोजच्या डावात एखादा माणूस कसा खेळतो, कसा बोलतो हे वर्षानुवर्षं पाहिलेल्या भिडूंना जे कळतं ते पाच मिनिटांच्या तपासणीत कळणं कठीण.

गुरुजींचा बदललेला डाव

एका दिवाळीच्या आधीची गोष्ट. गुरुजींचं वय त्र्याहत्तर. हृदयाला स्टेंट बसवलेला, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू. गाडी चालवतात, आखाड्यावर जातात, पेपर वाचतात. मधले दोन रविवार मला दवाखान्यामुळे जमलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी गेलो.

पहिल्याच डावात गुरुजींनी भिडूचा चाललेला हात स्वतःच्या हुकुमाने कापला. सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "हुकूम काय होता?" सांगितलं, किलवर. दोन हात झाले आणि पुन्हा तोच प्रश्न. डाव्या हातातली पानं नीट पसरत नव्हती, एकदा दोन पानं मांडीवर पडली. मधेच त्यांचे डोळे मिटत होते.

आडतवाले हळूच मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गुरुजी लई विसरायलेत. वय झालं आता."

पेटीवाले काका मात्र वेगळंच बोलले. "वयाचं काय घेऊन बसलात? आज गुरुजींनी रिचर्ड्सला एकदाही बाद केलं नाही."

ते खरं होतं. वर्ल्ड कपचा विषय कंडक्टर साहेबांनी काढून पाहिला, तर गुरुजी नुसते "हो ना" म्हणाले.

माझ्या मनात लगेच एक गोष्ट आली. वयाने येणारा विसराळूपणा किंवा अल्झायमरसारखा आजार असा दोन-तीन आठवड्यांत येत नाही. तो वर्षावर्षाने येतो. शिवाय अल्झायमरमध्ये सुरुवातीला नवीन आठवणी जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण १९८३ चा झेल तपशिलासकट आठवतो. कारण नवीन आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आधी बिघडतो. इथे तर माणूस एकूणच मंदावला होता, झोपाळला होता, आणि डावा हात ढिला पडत होता. हे झपाट्याने झालेलं होतं.

डाव तिथेच मोडला. मी विचारलं, "गुरुजी, डोकं दुखतं का?" म्हणाले, "थोडं. सकाळी जास्त." पडलात का? नाही म्हणाले. घरी गेलो आणि त्यांच्या मंडळींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "महिना झाला असल. आखाड्यावरच्या खोलीच्या चौकटीला डोकं लागलं होतं. टेंगूळ आलं होतं, पण रगत-बिगत काही नाही."

दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला आणि तळवा आत वळला. चालताना डावा पाय किंचित घासत होता. मुलाला म्हटलं, उद्याची वाट पाहायची नाही, आत्ता परभणीला चला. रात्री सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला, मेंदू आणि कवटीच्या मध्ये, चंद्रकोरीच्या आकारात रक्त साठलं होतं आणि त्याने मेंदू एका बाजूला ढकलला होता.

हा आजार काय असतो?

याला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे.

मेंदूवर आवरणं असतात. सगळ्यात बाहेरच्या जाड आवरणाला ड्युरा म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून या आवरणापर्यंत बारीक शिरा पुलासारख्या जातात. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो आणि या शिरा ताणल्या जातात. मग डोक्याला बसलेला किरकोळ धक्काही एखादी शीर फाटायला पुरेसा होतो. शिरेतलं रक्त धमनीसारखं जोरात येत नाही, ते झिरपतं. आक्रसलेल्या मेंदूभोवती जागा असल्याने सुरुवातीला काही त्रासही होत नाही. दोन ते आठ आठवड्यांत साठा वाढत जातो आणि मग मेंदूवर दाब येतो. तोपर्यंत घरातले सगळे तो धक्का विसरून गेलेले असतात. अनेक पेशंटना तर डोक्याला लागल्याचं आठवतच नाही.

धोका कुणाला जास्त? साठीच्या पुढचे, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या इतर गोळ्या घेणारे, नियमित दारू पिणारे, वारंवार पडणारे.

लक्षणं कोणती? डोकेदुखी, सुस्ती, विसरणं, बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, एका बाजूची ताकद कमी होणं, स्वभाव बदलणं. ही लक्षणं कमी-जास्त होतात, त्यामुळे फसगत होते. कुणाला वाटतं वय झालं, कुणाला वाटतं लकवा आहे. लकवा समजून स्कॅन न करता रक्त पातळ करणारी औषधं वाढवली तर उलट नुकसान होतं. म्हणून अशा वेळी सीटी स्कॅन आधी.

उपचार? साठा लहान असेल आणि त्रास नसेल तर कधी कधी लक्ष ठेवून थांबता येतं. दाब असेल तर कवटीला छोटी छिद्रं पाडून साठलेलं पातळ रक्त बाहेर काढतात. मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये ही तुलनेने लहान शस्त्रक्रिया आहे आणि वेळेत झाली तर बहुतेक पेशंट चांगले सुधारतात. उशीर झाला तर माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो, दगावूही शकतो.

गुरुजींना दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला हलवलं, तिथे शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या गोळ्या थांबवायच्या की नाही, पुन्हा कधी सुरू करायच्या, हे हृदयाच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं. स्वतःच्या मनाने अशा गोळ्या कधीही बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. पुढे दीड-एक महिन्याने गुरुजी डावाला बसले.

"वय झालं" म्हणण्याआधी

माझा मुख्य मुद्दा हा आहे. म्हाताऱ्या माणसाच्या वागण्यात काही आठवड्यांत बदल झाला, तर "वय झालं" हे निदान नव्हे. वय एका महिन्यात वाढत नाही. अशा बदलामागे बरी होणारी बरीच कारणं असतात: डोक्यातला रक्ताचा साठा, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर उतरणं, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी मंडळींमध्ये ही खूप दिसते), झोपेच्या गोळ्या, आणि उदासीनतेचा आजार म्हणजे डिप्रेशन. यातली बरीच साध्या रक्ततपासणीत किंवा गोळ्यांची यादी नीट पाहिली की सापडतात.

पत्त्यांच्या कट्ट्यावर आणखी काय काय दिसतं?

पानं धरलेला हात विश्रांतीत असताना अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलतात का? पानं वाटायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागतो का? पार्किन्सनची सुरुवात असू शकते. पान टाकायला हात पुढे नेताना कंप येत असेल तर तो बहुधा वेगळ्या प्रकारचा, तुलनेने निरुपद्रवी कंप असतो. तरी दाखवून घ्यावं.

इस्पिक आणि किलवर यांच्यात घोटाळा, पान उजेडाकडे नेऊन पाहणं? मोतीबिंदू तपासा.

पाच जण हसले की मग हसणारा, प्रश्नाला भलतंच उत्तर देणारा, हळूहळू गप्प झालेला भिडू? त्याचे कान तपासा. ऐकू कमी येणं ही फक्त गैरसोय नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली. त्यात मध्यम वयातला बहिरेपणा आहे, उपचार न केलेली कमी दृष्टी आहे, आणि एकटेपणाही आहे.

आणि जो येतच नाही तो? त्याच्याकडे सगळ्यात आधी लक्ष द्या. पूर्वी रविवार न चुकवणारा माणूस तीन रविवार आला नाही, त्याला खेळात, गाण्यात, मॅचमध्ये काही गोडी वाटत नाही, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, तर ते डिप्रेशन असू शकतं. नापिकी आणि कर्ज पाहिलेल्या आपल्या भागात हे मी मुद्दाम सांगतो. "मन रमव की" असा उपदेश करू नका. घरी जाऊन त्याच्याजवळ बसा, ऐका आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन या. जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

पत्ते खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरी पत्त्यांवरून बोलणी खावी लागतात ते! न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा अभ्यास झाला. तो २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुरुवातीला कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता, पुढे १२४ जणांना झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच यांत रमणाऱ्यांमध्ये त्याचं प्रमाण कमी दिसलं.

पण याचा अर्थ सावधपणे घ्या. ज्यांचा मेंदू आधीच मंदावू लागला आहे ते लोक खेळ सोडून देतात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. त्यामुळे पत्ते हे औषध आहे असं मी म्हणणार नाही. इतकं मात्र म्हणेन, की डोकं चालवणारा छंद आणि त्यात माणसांची सोबत, ही जोडी चांगली आहे. मोबाईलवर एकट्याने पत्ते खेळून ही सोबत मिळत नाही.

खेळाचं वय संपतं हेही खरं नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून देणारे प्रणव बर्धन ६० वर्षांचे होते आणि त्यांचे भिडू शिवनाथ सरकार ५६ वर्षांचे.

कट्ट्याचे तोटेही आहेत

तीन तास मांडी घालून किंवा उकिडवं बसल्यावर पायाला मुंग्या येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला लागून एक नस जाते, ती दाबली जाते. फार वेळ दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. मधुमेहींमध्ये हा धोका अधिक. दर डावानंतर उठा, अंगणात एक फेरी मारा.

चहा. चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात वरून घातलेली साखर सहा चमच्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. आमच्या कट्ट्यावर आता बिनसाखरेची वेगळी किटली येते.

तंबाखू. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या दिसतातच. तुमची स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का ते पाहा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर लगेच दाखवा.

पैसा. पैसे लावले की खेळाची चव बदलते. हरलेले पैसे काढायला पुन्हा बसणं, घरी खोटं बोलणं, खेळला नाही की चिडचिड होणं, ही व्यसनाची लक्षणं आहेत. जुगाराचं व्यसन हा मान्यताप्राप्त मानसिक आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, तरी ज्यांना सवय लागली आहे त्यांना मदतीची गरज उरतेच.

बायकांचा कट्टा कुठे आहे?

शेवटी एक गोष्ट. पारावर, माडीवर बसणारे सगळे पुरुष असतात. गुरुजींच्या मंडळींचं वय एकोणसत्तर. त्यांचं विसरणं कोण ओळखणार? भाजीत मीठ दोनदा पडलं तर घरात आरडाओरडा होतो, तपासणी होत नाही. भजनी मंडळ आहे, हळदीकुंकू आहे, पण रोज तासभर निवांत बसून गप्पा मारायला जागा नाही. सुट्टीत नातवंडं आली की बदाम सात मांडा आणि आजीला खेळायला बसवा. तिला तिच्या लहानपणीचं गाणं म्हणायला सांगा, माहेरच्या गोष्टी विचारा. तिचा नेहमीचा सूर तुमच्या कानात बसलेला असेल, तरच तो बदलला की तुम्हाला कळेल.

या आठवड्यात घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: गेल्या दोन महिन्यांत डोक्याला काही लागलं का? नीट ऐकू येतं का? पूर्वी आवडायचं असं काय सोडून दिलंत? उत्तर खटकलं तर आपल्या जवळच्या डॉक्टरांना भेटा आणि चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या.